मखमलीची पाच झाडं

फुलं पडली होती, भरपूर पडली होती, आणि तेच पाहून काकूंचा झाडू थांबला होता.

नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात हातात झाडू घेऊन त्या उभ्या होत्या. पायाशी सायीच्या रंगाच्या फुलांचा खच पडला होता. एरवीही फुलं पडायची, पण पडायची ती नुसती पाकळ्यांची नळी. मागे फांदीवर चार कोनांची हिरवी टोपी आणि टोपीत अडकलेला लव असलेला मणी राहायचा. यंदा टोपीसकट, देठासकट अख्खं फूल खाली आलं होतं. काकूंनी मान वर करून एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली. मग झाडू भिंतीला टेकवला आणि चारही झाडांभोवती फेरी मारली. मणी नव्हता. औषधालाही नव्हता.

"अहो," त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "जरा बाहेर या."

काका बाहेर आले. उभा जन्म या नाट्यगृहात दिवे टाकण्यात गेलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "काय झालं? साप निघाला?"

"साप निघाला असता तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या आणि मटकन पायरीवर बसल्या.

काकू म्हणजे कपडेपटाच्या काकू. नाव विचारलं असतं तर नाट्यगृहातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं, पण प्रयोगाच्या आधी हूक तुटला, बाही उसवली, पोट सुटलेल्या नायकाला जुना अंगरखा होईना, की सगळ्यांच्या तोंडी एकच हाक, "काकू कुठे आहेत?" रंगमंचाच्या मागच्या अरुंद जिन्याने वर गेलं की त्यांची खोली. शिवणयंत्र, कोळशाची इस्त्री जाऊन आलेली विजेची इस्त्री, भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, आणि खुंट्यांवर राजे, भिकारी, पोलीस, वकील, सगळे शेजारी शेजारी टांगलेले. तोंडात टाचण्या धरून बोलायची काकूंना इतकी सवय होती, की टाचण्या नसल्या की त्यांचं बोलणं उलट अडखळायचं. खिडकी उघडली की अंगण. अंगणात पाच झाडं.

ही झाडं लावली काकूंच्या आधीच्या शिवणबाईंनी. कुठल्याशा दौऱ्यावरून कोणी नट खिशात बिया घेऊन आला होता, त्या त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत रुजवल्या आणि रोपं अंगणात लावली. जाताना शिवणयंत्राची किल्ली आणि झाडं, दोन्ही काकूंच्या हवाली केलं. फळाचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ते पहिल्यांदा पिकलं तेव्हा पडदा ओढणारा माणूस म्हणाला, "हे तर आपल्या पडद्याच्या कापडाचं केलेलं दिसतंय." ते खरंच होतं. मुठीत मावेल न मावेल एवढं गोल फळ, रंग जुन्या विटेसारखा, आणि अंगभर मऊ तलम लव. हात फिरवला तर मखमल. तेव्हापासून नाव पडलं मखमल.

आता या मखमलीची एक खोड होती. तिचा वास. फळ पिकलं की सालीला जुन्या आंबलेल्या चीजचा असा काही दर्प यायचा, की पहिल्या रांगेतले प्रेक्षक एकमेकांच्या पायांकडे संशयाने बघायचे. एका गंभीर नाटकात, नायक नुकताच मरून पडलेला असताना, विंगेत कोणीतरी कुजबुजलं, "मोजे कोणाचे?" आणि प्रेताला हसू आवरेना. पण वास सालीपुरताच. काकू आधी ओल्या फडक्याने लव पुसून काढायच्या, कारण ती तोंडाला खाजते, मग साल सोलून फोडी झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायच्या. काही तासांनी डबा उघडला की वास पार गेलेला. पांढरट, घट्ट, किंचित कोरडा गर. थोडं सफरचंद, थोडं केळं आणि तिसरं काहीतरी, ज्याला शब्द नाही. खाल्लं की पोटाला आधार. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात जेवण टळलेले किती नट त्या डब्यावर उभे राहिले, त्याची गणती नाही. शिवाय झाडाचे लाड काही नाहीत. मुळं धरेपर्यंत पाणी घाला, मग वारा असो की ऊन, ते आपलं उभं.

पाचांतली चार झाडं लगडायची. पाचवं मात्र कधीही नाही. फुलं त्याला सगळ्यांपेक्षा जास्त. बारीक फुलांचे झुपकेच्या झुपके, रोज झाडून झाडून काकूंची कंबर मोडायची. फळाच्या नावाने शून्य. काकांची वेताची खुर्ची नेमकी त्याच झाडाखाली असायची.

"बरी जोडी जमली," काकू खिडकीतून म्हणायच्या. "ते फळ देत नाही आणि तुम्ही काम करत नाही."

"सावली देतो आम्ही," काका म्हणायचे. "दोघंही."

मागच्या साली नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. नाट्यगृह चालावं म्हणून धडपडत होता, त्या धडपडीत त्याची नजर अंगणाकडे गेली.

"काकू, गाड्या लावायला जागा नाही," तो म्हणाला. "प्रेक्षक बाहेर रस्त्यावर गाडी ठेवतो, मग अर्धं लक्ष गाडीकडे आणि अर्धं नाटकाकडे. टाळ्या कुठून येणार? हे अंगण मोकळं करावं लागेल."

"पाचही झाडं?"

"पाचही."

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. त्या भांडल्या नाहीत. गिऱ्हाइकाला अंगरखा तोकडा पडतो तेव्हा कुठून कापड काढता येईल ते त्यांना बरोबर दिसायचं, तसंच त्यांना तेव्हा दिसलं. "साहेब, सगळी कशाला? त्या कोपऱ्यातलं घ्या. ते इतकी वर्षं नुसतं खातं-पितं आणि उभं राहतं. तेवढ्यात चार गाड्या बसतील. जे फळ देतं ते राहू दे, जे देत नाही ते जाऊ दे. हा न्याय झाला की नाही?"

मॅनेजरने विचार केला. "ठरलं. फळ देईल ते राहील. पण लक्षात ठेवा काकू, नियम तुमचा आहे."

झाड कापायला कुऱ्हाडवाले आले. आतलं लाकूड काळंभोर निघालं, आणि इतकं कठीण, की कुऱ्हाडीची धार दोनदा लावावी लागली. बुंध्यावर फरशी घालून जागा सपाट केली. काका खुर्ची उचलून आत घेऊन गेले आणि त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून जेवले. काकूंना वाटलं, उगाच नाटकं करतायत.

आणि आता हा असा फुलोरा.

मॅनेजर अंगणात आला तोही चक्रावला. त्याने आधी नाक वर केलं, मग झाडांकडे पाहिलं. "यंदा फळ धरायची काही लक्षणं दिसत नाहीत. सगळ्यांनाच एकदम काय झालं?"

"हवामान असेल," काकू म्हणाल्या. आवाजात जीव नव्हता.

"काकू, मालकमंडळी माझ्या मागे लागलीत. अंगण पुरं हवंय त्यांना. मी त्यांना सांगत होतो, फळझाडं आहेत. आता काय सांगू?" तो थोडा थांबला. "फुलोरा संपेपर्यंत थांबतो. त्यानंतर मणी दिसला नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही. नियम…"

"माझाच आहे. माहीत आहे."

तो गेल्यावर काकू वर आल्या आणि कामाला लागल्या, कारण हातांना काम नसलं की त्यांच्या डोक्यात नको ते यायचं. नव्या नाटकात राणीचा झगा लागणार होता. जुना झगा तळातल्या ट्रंकेत होता, पाचवं झाड उभं होतं तेव्हा धुऊन त्याच्याच खाली वाळवलेला आणि तसाच घडी करून ठेवलेला. काकूंनी तो झटकला, आणि चुण्यांतून काहीतरी टपटप जमिनीवर पडलं. वाळून तपकिरी झालेल्या फुलांचे बारीक झुपके.

काकूंनी एक झुपका उचलला. टाकून देणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. हे फूल खालच्या फुलांसारखं नव्हतं. लहान होतं, आणि एकटंही नव्हतं. एकाच देठावर चार-पाच जण दाटीवाटीने बसलेले. अंगणात पडलेलं फूल मात्र मोठं आणि एकेकटं.

त्या खाली गेल्या, ताजी फुलं ओंजळीत घेऊन तडक रंगपटात शिरल्या, कारण अख्ख्या नाट्यगृहात चांगला उजेड एकाच ठिकाणी, आरशाभोवतीच्या दिव्यांचा. तिथे तात्या होते. तात्या म्हणजे रंगभूषेवाले, ज्यांनी या गावातल्या प्रत्येक तरुण नटाला म्हातारं आणि प्रत्येक म्हाताऱ्या नटाला तरुण करून दाखवलं होतं.

"काय कापताय काकू?" टाके उसवायची सुरी पाहून तात्यांनी विचारलं. "माझ्या रंगांच्या टेबलावर भाजी चिरायची नाही."

काकूंनी उत्तर दिलं नाही. ताजं फूल उभं चिरलं. आत तळाशी हिरवा, इवलासा मणी. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. मणी होताच. मग वाळकं फूल हलकेच उकललं. मणी नव्हता. नुसते पिवळट तंतू, आणि बोटाला लागलेली चिमूटभर धूळ.

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो तात्यांनी आरशात पाहिला आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. काय झालं?"

"तात्या," काकू हळूहळू बोलल्या, "शिवताना काज करायचं आणि बटण लावायचं. काज एकीकडे, बटण दुसरीकडे. बरोबर?"

"बरोबर."

"या अंगणात चार काजं होती आणि एक बटण होतं. मी म्हटलं, हे बटण उगाच लोंबतंय, याला भोक नाही, हे कामाचं नाही. आणि तोडून टाकलं."

तात्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "म्हणजे ते पाचवं… नर होतं?"

"आणि ही चारही मादी. त्याचीच धूळ घेऊन ही फळायची. मधमाश्या न्यायच्या इकडून तिकडे. इतकी वर्षं त्याने लगडवली ती झाडं, आणि मी रोज त्याची फुलं झाडताना त्याला शिव्या घातल्या." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं तात्या, ते घ्या म्हणून. कोणी मागितलंही नव्हतं."

तात्यांनी टेबलावरची चिरलेली फुलं गोळा करून त्यांच्या ओंजळीत परत दिली.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आत आणून ठेवलेल्या वेताच्या खुर्चीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू आम्हा दोघांना सारखंच म्हणायचीस."

"म्हणायचे."

"आता?"

"आता तुम्ही चहा घेणार आहात की नाही, तेवढं सांगा," काकू म्हणाल्या. त्यांनी चहा गाळला. कप पुढे करत त्या म्हणाल्या, "दुसरं नर झाड हवंय. याच गावात, आणि आत्ता फुललेलं."

आणि असं झाड गावात असणार होतं, कारण मखमलीच्या बिया काकूंनी सढळ हाताने वाटल्या होत्या. बियांचं एक असतं. बी रुजवलं की त्यातून नर निघणार का मादी, हे फूल येईपर्यंत देवालाही सांगता येत नाही, आणि फूल यायला सहा-सात वर्षं लागतात. चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधून कलम केलं, तरच आधीपासून खात्री, आणि फळही निम्म्या वेळात. पण हे काकूंना तेव्हा कुठे माहीत होतं. फळ आलं नाही की लोक येऊन ऐकवायचे, "काकू, तुमचं झाड फसवं निघालं," आणि काकू म्हणायच्या, "माती चांगली नसेल."

दुसऱ्या सकाळी दोघं निघाले. आधी चौकातली फुलवाली.

"ते होय?" ती म्हणाली. "कधीच कापलं. नुसता फुलांचा केर. फुलं विकायची म्हटलं तर तीही नखाएवढी."

काकूंनी डोळे मिटून घेतले. झुपकेवालं होतं, म्हणजे नरच.

मग दवाखान्यातल्या परिचारिकाबाई. त्यांचं झाड मागच्या दाराशी उभं होतं, फुललेलंही होतं. काकू धावतच गेल्या, फूल हातात घेतलं. मोठं, एकेकटं, तळाशी मणी.

"आमच्याला दर वर्षी फुलं येतात आणि सगळी गळतात," परिचारिकाबाई म्हणाल्या. "मी शेणखत घातलं, राख घातली. यंदा नाही आलं तर काढूनच टाकणार आहे."

"नका काढू," काकू म्हणाल्या. "तिचा काही दोष नाही. ती एकटी आहे, एवढंच."

परिचारिकाबाई काकांकडे पाहू लागल्या. काकूंची तब्येत बरी आहे ना, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिला होता.

धोब्याने कापलं होतं. शाळेच्या शिपायाचं जळालं होतं. जिथे झुपके होते तिथे कुऱ्हाड पडली होती, आणि जिथे झाड उभं होतं तिथे ते मणी गाळत एकटं उभं होतं. म्हणजे या गावात काकूंसारखाच विचार प्रत्येकाने केला होता. फळ देत नाही, मग ठेवायचं कशाला? काकू घरोघर ऐकत होत्या आणि प्रत्येक दारात त्यांना आपलंच वाक्य परत मिळत होतं.

रस्त्याच्या कडेला काका थांबले. "एक राहिलं."

"माहीत आहे."

"मग?"

"तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?"

तिथे म्हणजे काकांच्या बहिणीकडे. काकूंच्या नणंदबाई, वन्सं. उभा जन्म टेलिफोनच्या कचेरीत 'हॅलो' म्हणण्यात गेल्यामुळे साधं बोलल्या तरी तीन घरांना ऐकू जायचं. त्यांनी नवीन घर बांधलं तेव्हा काकूंनी हौसेने रोप नेऊन दिलं होतं. रोप वाढलं, फुललं, आणि फळलं नाही. वन्संना मूल नव्हतं. कोणीतरी शेजारीण सहज बोलून गेली, "भावजयीने बरोबर शोधून वांझ झाड दिलं." वन्संनी ते वाक्य काळजात ठेवलं. एकदा भर जेवणात त्यांनी ताट सारलं आणि म्हणाल्या, "वहिनी, यापुढे तुमच्या हातचं एक फळ मी तोंडाला लावणार नाही." त्यानंतर दोन घरांत जाणं-येणं संपलं.

वन्संच्या दाराशी काकू एकट्याच गेल्या. काका कोपऱ्यावर उभे राहिले.

"कोण आहे?"

"मी. वहिनी."

"कुठली वहिनी? मला एकच होती."

"तीच."

दार उघडलं. वन्सं थकल्या होत्या, पण आवाज होता तसाच. "दादा कुठाय?"

"कोपऱ्यावर. म्हणाले, आधी तू जा."

"भित्रा. लहानपणीही असाच होता." वन्संनी काकूंना आत घेतलं नाही. "काय काम काढलंत?"

काकू उत्तर देणार होत्या, पण त्यांना सुगंध आला. घराच्या कडेला वळून त्यांनी पाहिलं, आणि त्या जागीच थांबल्या. झाड उभं होतं. घराच्या कौलांवर गेलेलं, डौलदार, आणि पायापासून शेंड्यापर्यंत फुललेलं. झुपकेच्या झुपके. माश्यांची नुसती गुणगुण.

"तुम्ही कापलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"का कापू? तुम्हाला दाखवायला ठेवलंय. कधीतरी याल आणि बघाल, काय दिलं होतं ते."

काकू खालीच बसल्या. तिथेच मातीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. पाचवं झाड, मॅनेजर, आपला नियम, वाळकं फूल. एकही गोष्ट झाकली नाही. वन्संनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे हे वांझ नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"कधीच नव्हतं."

"नाही वन्सं. हे नाही म्हणून ती चार वांझ ठरतायत."

वन्सं झाडाजवळ गेल्या. खोडावर हात ठेवून, पाठ फिरवून उभ्या राहिल्या. तीन घरांना ऐकू जाणारा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "माळी दोनदा कुऱ्हाड घेऊन आला होता. सगळे म्हणाले, काढा. मला नाही जमलं. फळ येत नाही म्हणून काढायचं, तर…"  

मग वन्संनी नाक पुसलं. "फांद्या देते. पण जे आत्ता मला सांगितलंत, ते तिथे सगळ्यांसमोर सांगायचं. त्या तुमच्या मॅनेजरसमोरसुद्धा. मोठ्याने."

"तुमच्याइतक्या मोठ्याने मला नाही जमणार."

"मी आहे ना शेजारी," वन्सं म्हणाल्या.

त्या आठवड्यात मागच्या अंगणात जे दृश्य दिसलं ते कुठल्या नाटकात दाखवलं असतं तर लोकांनी अतिशयोक्ती म्हटलं असतं. नाटकातल्या खोट्या फुलांच्या बरण्यांत यंदा खऱ्या फांद्या होत्या, पाण्यात ठेवलेल्या, चारही झाडांना दोरीने टांगलेल्या, म्हणजे माश्यांना आयतीच वाट. शिवाय तात्यांनी आपला सगळ्यात मऊ ब्रश काढून दिला. "नायिकेच्या गालाशिवाय कशाला लावला नाही मी हा. सांभाळून." काकूंनी तो झुपक्यातल्या फुलांत फिरवायचा, धूळ घ्यायची आणि एकेकट्या फुलाच्या तोंडात हलकेच टेकवायची. काकांनी दिव्यांची उंच शिडी धरायची. वन्संनी खाली उभं राहून चुका काढायच्या.

"वहिनी, ते डावीकडचं राहिलं. दादा, हलतोस काय, शिडी धर."

मॅनेजर आला आणि दारातच खिळला. काकू शिडीवरून उतरल्या, आणि ठरल्याप्रमाणे सगळ्यांसमोर बोलल्या. पडदेवाला, तिकीटवाली, तात्या, सगळे ऐकत होते. "ते पाचवं झाड निकामी नव्हतं. निकामी माझी समजूत होती. आणि वन्संना मी जे झाड दिलं, ते सगळ्यांत गरजेचं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, त्याची मला लाज वाटते."

"सगळ्यांना ऐकू आलं ना?" वन्संनी विचारलं. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

मॅनेजर म्हणाला, "ऐकू आलं. पण मी काय म्हटलंय ते आहेच. मणी दिसायला हवा."

मग वाट बघणं. काकूंनी शिवायला घेतलेल्या वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, इतकं त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. फुलं गळू लागली तेव्हा त्या खिडकीशी जाईनात. शेवटी मॅनेजर एका सकाळी खालून हाक मारू लागला. त्याच्यासोबत तोच कुऱ्हाडवाला होता.  त्या रेलिंग धरत धरत जिना उतरल्या.

मॅनेजर सगळ्यात जवळच्या झाडाखाली उभा होता. हाताने फांदी खाली ओढली होती आणि तिच्याकडे डोळे फाडून बघत होता. हिरव्या टोपीत शर्टाच्या बटणाएवढा गोळा, आणि गोळ्यावर लव. शेजारी दुसरा. त्याच्यापलीकडे तिसरा.

"हे काल नव्हतं," तो म्हणाला.

"होतं. तुम्ही वास शोधत होतात," काका म्हणाले.

तीन झाडांच्या खालच्या फांद्या बटणांनी भरल्या होत्या. चौथं मात्र मोकळं होतं. ते सगळ्यांत उंच, त्याची फुलं शेंड्याकडे, शिडी तिथवर पोचलीच नव्हती. कुऱ्हाडवाल्याने आपण होऊन त्याच्याकडे बोट दाखवलं. "हे घ्यायचं?"

मॅनेजरने काकूंकडे पाहिलं. काकू चौथ्या झाडाच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"नियम मी केला होता साहेब, तो चुकला. झाडाला फळ नाही, हा झाडाचा दोष असेल असं धरून चालले. याला फळ नाही, कारण माझा हात तोकडा पडला. पण हे झाड आम्हाला सगळ्यांत जास्त हवंय. वन्संच्या झाडाची फांदी यावर कलम करणार आहोत. ती जगली, की दोनेक वर्षांनी याच्यावरच झुपके येतील, आणि मग बरण्या टांगाव्या लागणार नाहीत."

"आणि फांदी जगली नाही तर?"

"तर दुसरी देईन," वन्संनी उत्तर दिलं. त्या केव्हा आल्या ते कोणी पाहिलं नव्हतं. "माझ्याकडे रग्गड आहेत."

मॅनेजरने हातातली फांदी अलगद सोडली. मग कुऱ्हाडवाल्याला म्हणाला, "तुम्ही जा. मालकांना मी सांगतो. गाड्यांचं काहीतरी बघू."

कलम बांधलं ते काकूंनीच. चौथ्या झाडाची एक बोटाएवढी जाड फांदी छाटली, मधोमध चिरली, वन्संच्या फांदीचं टोक पाचरीसारखं तासून त्यात बसवलं, सालीला साल भिडवली आणि राणीच्या झग्याच्या अस्तराची पट्टी काढून घट्ट गुंडाळली. वरून मेण. "टाका छान पडला," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून काकूंनी पहिल्यांदाच कौतुक ऐकलं, त्यामुळे आपण ऐकलं ते बरोबर आहे की नाही, हे त्यांनी काकांना नंतर दोनदा विचारलं.

फळं पिकली तेव्हा अंगणात तो ओळखीचा दर्प पुन्हा सुटला. तालमीला आलेल्या नव्या नटीने नाक दाबलं, आणि पडदेवाल्याने इतका मोठा श्वास घेतला की जणू अत्तराचं दुकान उघडलंय. कलमावर तोवर दोन कोवळी पानं आली होती. काकूंनी पहिली फळं पुसली, सोलली, फोडी डब्यात घालून गार केल्या आणि डबा घेऊन वन्संकडे गेल्या. या खेपेला काका पुढे होते.

वन्संनी डब्याकडे पाहिलं. "मी शपथ घेतली होती."

"माझ्या हातचं नाही खाणार म्हणून," काकू म्हणाल्या. "हे माझ्या हातचं कुठंय? झाड तुमच्या झाडाने फळवलंय. मी नुसतं पोचवलं."

वन्संनी डोळे बारीक करून काकूंकडे पाहिलं, मग दादाकडे. मग एक फोड उचलली, हुंगली, जरासा तुकडा तोडला आणि चावू लागल्या. चावता चावता थांबल्या. खिडकीतून दिसणाऱ्या आपल्या झाडाकडे त्यांनी पाहिलं, पुन्हा हातातल्या फोडीकडे पाहिलं. 

"काय झालं?" काका घाबरून पुढे झाले. "घशात अडकलं का?"

वन्संनी हाताने नाही म्हटलं. डबा स्वतःकडे ओढला, मांडीत घेतला, आणि सगळ्या फोडी एकेक करून संपवल्या.